गळ्यातली थैली

दान्तेच्या 'दिव्य कॉमेडी'तल्या नरकात सातव्या वर्तुळाच्या कडेला काही माणसं तापलेल्या वाळूवर बसलेली आहेत. वरून आगीचा पाऊस पडतोय. माणसं हातांनी एकदा ठिणग्या झटकतात, एकदा खालचा चटका चुकवायला बघतात. हे व्याजानं पैसा लावणारे सावकार. प्रत्येकाच्या गळ्यात एक थैली लटकलेली आहे आणि एवढ्या यातनांतही त्यांची नजर त्या थैलीवरून हलत नाही. दान्तेला एकाचाही चेहरा ओळखू येत नाही. ओळख पटते ती थैलीवर काढलेल्या घराण्याच्या चिन्हावरून. त्यातल्या एकाची थैली पांढरी आहे आणि तिच्यावर निळ्या रंगाची गाभण डुकरीण आहे. या फ्लॉरेन्सवाल्यांत मी एकटा पादुआचा, असं तो सांगतो, गावातला आणखी एक जण लवकरच शेजारी येऊन बसणार असल्याची चहाडीही करतो, आणि बैलानं नाक चाटावं तशी जीभ बाहेर काढतो.

दान्तेच्या जुन्या टीकाकारांनी हा माणूस ओळखला होता. पादुआत गाभण डुकरिणीचं चिन्ह एकाच घराण्याचं होतं, स्क्रोवेन्यींचं. हा रेजिनाल्दो स्क्रोवेन्यी. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात उत्तर इटलीत त्याच्याइतके श्रीमंत लोक थोडेच होते.

दान्तेनं आपला परलोकाचा प्रवास १३०० सालात घडतो असं कल्पिलं आहे. त्याच वर्षी, ६ फेब्रुवारी १३०० या तारखेला, रेजिनाल्दोच्या मुलानं पादुआत एका जमिनीचं खरेदीखत केलं. मुलाचं नाव एन्रिको. जमीन विकणारा मान्फ्रेदो दालेस्मानिनी हा खानदानी पण पैशाच्या तंगीतला सरदार. जागा मोक्याची होती. रोमनांच्या काळात तिथं लंबगोल रंगमंडल होतं आणि त्याच्या पडक्या भिंतींचा वेढा अजून उभा होता. गावात त्या जागेला 'आरेना' म्हणत. या वेढ्यात एन्रिकोनं स्वतःसाठी वाडा बांधला आणि वाड्याला लागून एक चॅपेल, म्हणजे घराण्याचं प्रार्थनामंदिर. वाडा आज नाही. चॅपेल उभं आहे, आणि युरोपच्या चित्रकलेचा इतिहास सांगणारा कोणीही त्याच्या दाराशी थांबल्याशिवाय पुढे जात नाही.

बाहेरून पाहिलं तर काहीच नाही. विटांची साधी इमारत, उतरतं छप्पर, दर्शनी भिंतीत एक तीन भागांची खिडकी. लांबी सुमारे २१ मीटर, रुंदी साडेआठ मीटर, उंची तेरा मीटरच्या आतबाहेर. आत खांब नाहीत, बाजूची दालनं नाहीत, फक्त एक लांबट खोली, तिच्यावर अर्धगोल कमानीचं छत आणि पूर्वेच्या टोकाला वेदी. दक्षिणेच्या भिंतीत सहा खिडक्या आहेत, उत्तरेच्या भिंतीत एकही नाही, कारण त्या बाजूला वाडा टेकलेला होता. म्हणजे चित्रकाराला मिळाली ती उजेड येणारी एक भिंत, उजेड झेलणारी दुसरी, आणि मध्ये कुठंही अडथळा नाही. काहींच्या मते आत चित्रं काढायची हे डोळ्यांसमोर ठेवूनच इमारत इतकी सपाट ठेवली गेली. मला ते पटतं. इथल्या वास्तूत वास्तुशिल्पीनं दाखवलेली हौस शोधून सापडत नाही.

चित्रकार होता फ्लॉरेन्सचा जोत्तो दी बोन्दोने. तेव्हा तो पस्तिशीच्या आसपास असावा. पादुआत तो आधीच फ्रान्सिस्कन साधूंकडे, संत अँथनीच्या चर्चमध्ये, काम करून गेला होता. एन्रिकोशी त्याचा झालेला करार उरलेला नाही. पण काम संपल्यावर थोड्याच वर्षांत फेर्रारा गावचा रिकोबाल्दो नावाचा इतिवृत्तकार जोत्तोच्या कामांची यादी देताना आरेनातल्या चर्चचा उल्लेख करतो, त्यामुळे कर्तृत्वाबद्दल वाद नाही. १३०३ ते १३०५ या काळात हे काम झालं असं मानतात. १ मार्च १३०४ रोजी पोप अकरावा बेनेडिक्ट यानं या चॅपेलला भेट देणाऱ्यांना पापाच्या शिक्षेत सूट जाहीर केली. २५ मार्च १३०५ या दिवशी त्याचं पवित्रीकरण झालं. त्या समारंभासाठी व्हेनिसच्या महापरिषदेनं संत मार्कच्या चर्चमधले पडदे उसने द्यायला परवानगी दिल्याचा ठराव आहे. एन्रिकोचा हात कुठवर पोचला होता, ते त्यावरून कळतं.

सगळेच खूश नव्हते. शेजारी एरेमितानी साधूंचा मठ होता. १३०५ च्या जानेवारीत त्यांनी बिशपकडे लेखी तक्रार केली. या माणसाला लहानसं खासगी प्रार्थनास्थळ बांधायची परवानगी होती, हा तर मोठं चर्च उठवतोय, वर घंटांसाठी मनोरा बांधतोय, आणि यात देवाच्या स्तुतीपेक्षा डामडौल नि मोठेपणाच जास्त आहे, असा त्यांचा सूर होता. तक्रारीमागे पोटदुखीही असणार, कारण पोपची सूट मिळालेलं नवं चर्च शेजारी उभं राहिलं की भाविक तिकडे वळणार आणि त्यांच्याबरोबर दानही. पण साधूंचं म्हणणं अगदीच हवेत नव्हतं. आतल्या एका चित्रात एन्रिको आपल्या चॅपेलची प्रतिकृती अर्पण करताना दिसतो, आणि त्या प्रतिकृतीत आज प्रत्यक्षात नसलेला आडवा भाग आहे. मनातलं बांधकाम पायावर उभ्या राहिलेल्या बांधकामापेक्षा मोठं होतं.

एवढा खटाटोप कशासाठी? याचं ठरलेलं उत्तर आहे: बापाचं पाप धुवायला. पर्यटकांना सांगतात तेही हेच. हे उत्तर तपासून घ्यायला हवं, पण त्याआधी त्या काळी व्याज म्हणजे काय होतं ते पाहू. चर्चच्या लेखी मुद्दलावर एक पैसाही जास्त घेणं हे पाप होतं. ११७९ च्या तिसऱ्या लॅटरन परिषदेनं उघड सावकारी करणाऱ्यांना ख्रिस्ती दफन नाकारलं. १२७४ च्या लियोंच्या परिषदेनं नियम आणखी आवळले: घेतलेलं व्याज ज्याचं त्याला परत केल्याशिवाय, किंवा तशी हमी दिल्याशिवाय, सावकाराची सुटका नाही. यामागचा युक्तिवाद ॲरिस्टॉटलपासून आलेला होता. गायीला वासरू होतं, शेतात पीक येतं, पण नाणं वांझ आहे. नाण्याला नाणं होत असेल तर ते निसर्गाविरुद्ध आहे. दुसरीकडे उत्तर इटलीतली शहरं, त्यांचा लोकरीचा नि रेशमाचा धंदा, सैन्यं, बिशपांचे खर्च, सगळं कर्जावर चालत होतं. सावकाराशिवाय कोणाचंच पान हलत नव्हतं आणि स्वर्गात त्याला जागा नव्हती. रेजिनाल्दो मेला तेव्हा वारसाच्या हाती आली ती अशी संपत्ती.

आता आत जाऊ आणि भिंतींवर थैल्या शोधू. इथली चित्रं पाहायच्या रीती अनेक आहेत, पण मला ही सर्वांत फलदायी वाटते.

आधी मांडणी. डोक्यावर गडद निळं छत, त्यावर सोनेरी तारे. दोन्ही बाजूंच्या भिंतींवर चित्रांच्या तीन रांगा, एकीखाली एक. सर्वांत वरच्या रांगेत येशूची आई मरीया हिच्या आईबापांची, हन्ना आणि योआकिम यांची, नि मग मरीयेची कथा. मधल्या रांगेत येशूचा जन्म आणि कार्य. खालच्या रांगेत शेवटच्या भोजनापासून पुढचा दुःखभोग. कथा दक्षिणेच्या भिंतीवर सुरू होते, पश्चिमेला वळसा घालून उत्तरेच्या भिंतीनं वेदीकडे येते, मग एक पायरी खाली उतरून पुन्हा तीच फेरी. वाचणाऱ्याला तीन प्रदक्षिणा होतात. रांगांच्या खाली, माणसाच्या उंचीजवळ, संगमरवराचा आभास देणाऱ्या पट्टीत चौदा राखाडी आकृत्या आहेत, दगडात कोरल्यासारख्या: दक्षिणेला सात सद्गुण, उत्तरेला समोरासमोर सात दुर्गुण. आणि प्रवेशद्वाराची पश्चिमेची अख्खी भिंत व्यापणारा अंतिम न्यायनिवाडा.

मधल्या रांगेत उत्तरेच्या भिंतीवरचं शेवटचं चित्र येशू मंदिरातून व्यापाऱ्यांना हाकलतो ते. येशूनं मूठ उगारलेली आहे, चौरंग उलटलेला आहे, जनावरं उधळलीत. एक पोरगं भेदरून एका शिष्याच्या झग्याआड लपलंय. कथेत पुढचं चित्र पाहायचं तर मान वळवून वेदीच्या कमानीकडे पाहावं लागतं. तिथं कमानीच्या डाव्या खांबावर येशूला दगा देणारा शिष्य यहूदा उभा आहे, पिवळ्या झग्यात. पुरोहितांशी सौदा झालाय, हातात थैली आली आहे, आणि काळा सैतान मागून त्याला धरून उभा आहे. सराफांना देवळाबाहेर काढलं आणि लगेच पुढच्या चौकटीत देवाचाच सौदा झाला, असा हा क्रम.

खरी गंमत कमानीच्या उजव्या खांबावर आहे. यहूदाच्या बरोबर समोर, तेवढ्याच आकाराच्या चौकटीत, मरीया आणि तिची नातलग अलिशिबा यांची भेट आहे. दोघीही गरोदर. वयानं मोठी अलिशिबा पुढे वाकून मरीयेला दोन्ही हातांनी धरते आणि तिच्या चेहऱ्यात काहीतरी शोधते. कालक्रमानं ही दोन चित्रं एकमेकांपासून कितीतरी लांब आहेत. एक येशूच्या जन्माआधीचं, दुसरं मरणाआधीचं. तरी ती जोडीनं बसवली आहेत, आणि तीही अशा जागी की वेदीकडे तोंड करून उभ्या राहिलेल्या प्रत्येकाला दोन्ही एकदम दिसावीत. ॲन डर्बिस आणि मार्क सँडोना या दोन अमेरिकी अभ्यासकांनी या जोडीचा अर्थ लावला तो असा: एकीकडे वांझ धातू, दुसरीकडे फळलेली कूस. व्याजाच्या पापावरचं चर्चचं सगळं म्हणणं दोन चौकटींत. घराण्याच्या ढालीवर गाभण डुकरीण मिरवणाऱ्या माणसाच्या चॅपेलमध्ये हे असावं, हा योगायोग असला तरी सुंदर आहे.

खालच्या राखाडी पट्टीत उतरू. दया नावाचा सद्गुण एका हातात फळाफुलांचं भांडं धरून उभा आहे, दुसऱ्या हातानं आपलं काळीज देवाला देतो, आणि त्याच्या पायाखाली पैशांनी भरलेल्या पिशव्या तुडवल्या जातायत. समोरच्या भिंतीवर मत्सर. ही एक म्हातारी. तिच्या तोंडातून साप निघतो, वळतो आणि तिच्याच डोळ्यांना डसतो. पायाशी आग आहे, एक हात काहीतरी ओरबाडायला पुढे आहे आणि दुसऱ्या हातात घट्ट धरलेली थैली. चित्रकलेत साक्षात मत्सराचं याहून नेमकं चित्र माझ्या पाहण्यात नाही. मार्सेल प्रूस्तच्या महाकादंबरीत या आकृत्यांच्या छायाचित्रांना जागा मिळाली आहे. तिथं स्वयंपाकघरातल्या गरोदर मोलकरणीला जोत्तोच्या 'दये'चं नाव देऊन चिडवतात.

दुर्गुणांच्या यादीत एक चमत्कारिक गोष्ट आहे. मूर्खपणा, चंचलता, क्रोध, अन्याय, अश्रद्धा, मत्सर, निराशा असे हे सात. सात महापापांच्या नेहमीच्या यादीतला लोभ यात नाही. सावकाराच्या मुलाच्या खर्चानं रंगलेल्या भिंतीवर लोभाला स्वतंत्र चौकट नाही. त्याची थैली मत्सराच्या हाती दिली आहे. देणगीदाराची भीड पडली म्हणा, किंवा लोभ सगळ्या भिंतींवर विखुरलेला असल्यानं वेगळी चौकट लागली नाही म्हणा.

न्याय नावाच्या सद्गुणाखाली एक छोटं दृश्य आहे, त्यात लोक घोड्यावरून निवांत जातायत, नाचतायत. समोर अन्यायाखाली रानात वाटमारी आणि बलात्कार. सुरक्षित रस्ते म्हणजे चांगलं राज्य, ही व्यापारी शहराची कल्पना. साधूंनी सुचवलेली ती नसावी.

आणि मग पश्चिमेची भिंत. मध्यभागी न्यायाधीश ख्रिस्त. त्याच्या प्रभामंडळात जोत्तोनं छोटे आरसे बसवले होते, उजेड पडला की चमकावेत म्हणून. ख्रिस्ताच्या उजव्या हाताला तरलेले, डाव्या हाताला आगीच्या नद्यांत वाहून जाणारे. भिंतींची दिशा इथं जुळते: सद्गुणांची दक्षिण भिंत स्वर्गाच्या बाजूला येऊन मिळते, दुर्गुणांची उत्तर भिंत नरकाच्या. नरकात यहूदा फासावर लटकतोय, पोट फाटलेलं. काही माणसं त्यांच्याच थैल्यांच्या दोरीनं टांगलेली. एक बिशप, अंगावर कपडा नाही पण डोक्यावर मुकुट कायम, पैशांच्या व्यवहारात गुंतलेला. आणि दुसऱ्या बाजूला, क्रुसाच्या पायाशी, तरलेल्यांच्या बाजूनं, जांभळ्या झग्यात गुडघे टेकलेला एन्रिको स्क्रोवेन्यी. चॅपेलची प्रतिकृती एका धर्मगुरूच्या खांद्यावर तोललेली, आणि मरीयेचा हात एन्रिकोच्या हाताकडे पुढे आलेला. अजून निवाडा व्हायचा आहे, पण यानं आपली जागा धरून ठेवली आहे.

बापाचं पाप धुण्याच्या कथेला सर्वांत जोरदार विरोध केला इटालियन इतिहासकार क्यारा फ्रुगोनी यांनी. त्यांचं म्हणणं असं की एन्रिकोला पश्चात्तापाचं प्रदर्शन करायचं नव्हतं. तो शहरात मोठं होऊ पाहणारा महत्त्वाकांक्षी माणूस होता, त्याला उदार नागरिक म्हणून मिरवायचं होतं, आणि भिंतीवर चितारलेला धनी पापाच्या ओझ्यानं वाकलेला नाही. त्यांच्या पुस्तकाच्या नावाचाच अर्थ 'एन्रिकोचा सर्वांत फायद्याचा व्यवहार' असा आहे. हे वाचल्यावर साधूंची तक्रार नव्यानं ऐकू येते. तरीही माझा कौल डर्बिस आणि सँडोना यांच्याकडे झुकतो. नरकातल्या थैल्या इतर चर्चमधल्या न्यायनिवाड्यांतही असतात, त्यांचा पुरावा कच्चा. पण यहूदाच्या सौद्याला वेदीच्या कमानीवर आणून बसवा, असं कोणतीही परंपरा सांगत नव्हती. तो निर्णय याच चॅपेलसाठी झाला, आणि धन्याच्या संमतीशिवाय तो होऊ शकत नव्हता. मिरवायचंच असतं तर यापेक्षा सोपे विषय होते.

आणि जोत्तो? पैशाच्या बाबतीत तोही वैरागी नव्हता. १३१२ सालच्या फ्लॉरेन्समधल्या एका कागदात त्यानं हातमाग भाड्यानं दिल्याची नोंद आहे. हातमाग भाड्यानं देणं हा व्याजाचं नाव न घेता व्याज कमावायचा त्या काळचा मार्ग मानला जातो. स्वेच्छेनं पत्करलेल्या दारिद्र्याची खिल्ली उडवणारी एक कविताही त्याच्या नावावर सांगतात. ज्या दान्तेनं रेजिनाल्दोला तापल्या वाळूवर बसवलं, त्यानंच पुढे शुद्धिलोकात जोत्तोचं नाव घेतलं आहे: आधीच्या पिढीतल्या चिमाबुएला वाटायचं चित्रकलेत मैदान आपलंच, पण आता बोलबाला जोत्तोचा.

हा बोलबाला कशामुळे झाला, ते थैल्या बाजूला ठेवून पाहायला हवं. जोत्तोच्या आधीच्या इटालियन चित्रांत बायझंटाइन वळणाचे संत सोनेरी अवकाशात तरंगतात. जोत्तोच्या माणसांना वजन आहे. ती जमिनीवर बसली की बसलेली वाटतात. येशूच्या देहाभोवतीच्या विलापाच्या चित्रात पुढच्या बाजूला दोन बायका आपल्याकडे पाठ करून बसल्या आहेत. नुसते दोन कापडांचे ढीग, चेहरा नाही. त्याआधी पाठमोरी माणसं अशी चित्राच्या पुढ्यात कोणी फारशी आणली नव्हती. त्यांच्या पाठींमुळे दुःखाचं एक कडं तयार होतं आणि आपण त्या कड्याच्या बाहेर उभे राहतो. मागून एक खडकाची धार तिरकी उतरते आणि नजर नेमकी तिथं नेते, जिथं मरीयेनं मुलाचं डोकं मांडीवर घेऊन आपला चेहरा त्याच्या चेहऱ्याला भिडवला आहे. आकाशात देवदूत रडतायत, आणि ते सभ्यपणे रडत नाहीत. कोणी गाल ओरबाडतो, कोणी हात फाकून किंचाळतो. आपल्याकडे मर्तिकाच्या घरी बायकांचा आकांत ज्यांनी ऐकलाय त्यांना हे चित्र समजावून सांगावं लागत नाही.

चॅपेलमध्ये दोन चुंबनं आहेत. वरच्या रांगेत वयस्क हन्ना आणि योआकिम नगराच्या सोनेरी दाराशी भेटतात. मूल होणार ही बातमी दोघांनाही वेगवेगळी कळली आहे. ती त्याच्या गालावर हात ठेवते, दोन चेहरे एकमेकांत मिसळतात. खालच्या रांगेत, भाले आणि मशालींच्या गर्दीत, यहूदा येशूला कवेत घेतो आणि त्याचा पिवळा झगा येशूला जवळजवळ गिळून टाकतो. दोन्हींत चेहरे अगदी जवळ आहेत. येशू मात्र यहूदाकडे सरळ, शांतपणे पाहतो, आणि यहूदाच्या ओठांचा चंबू नुसता पुढे आलेला राहतो.

बाळ येशूच्या दर्शनाला आलेल्या मागी लोकांच्या चित्रात बेथलेहेमचा तारा शेपटीचा आहे, लालसर, ज्वाळेसारखा. १३०१ साली हॅलेचा धूमकेतू दिसला होता आणि जोत्तोनं तोच रंगवला असावा, असं अनेकांचं मत आहे. म्हणून युरोपीय अवकाश संस्थेनं जुलै १९८५ मध्ये हॅलेच्या भेटीला पाठवलेल्या यानाचं नाव 'जोत्तो' ठेवलं. मार्च १९८६ मध्ये ते धूमकेतूच्या केंद्रकापासून सुमारे ६०० किलोमीटरवरून गेलं.

हे सगळं काढलं कसं? ओल्या गिलाव्यावर. आधी भिंतीवर जाड्या वाळूचा खडबडीत थर. त्यावर त्या दिवशी जेवढं रंगवून होईल तेवढ्याच भागावर बारीक चुन्याचा गुळगुळीत थर. तो ओला असतानाच पाण्यात कालवलेले रंग लावायचे. चुना वाळताना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतो आणि त्याचा कॅल्शियम कार्बोनेट होतो, म्हणजे पुन्हा चुनखडीच. रंगाचे कण त्या दगडी कवचात अडकतात. म्हणून तो रंग भिंतीवर बसत नाही, भिंतच होतो. चुकलं तर खोडता येत नाही, गिलावा खरवडून नवा घालावा लागतो. काम वरून खाली सरकतं, म्हणजे खालच्या चित्रावर ओघळ येत नाहीत. एका दिवसाच्या तुकड्याला इटालियन कारागीर 'जोर्नाता' म्हणतात. तुकड्यांचे सांधे उजेड तिरपा धरला की दिसतात, आणि कोणता तुकडा कोणावर चढलाय यावरून कामाचा क्रम कळतो. इथं असे तुकडे सहाशेच्या वर मोजले आहेत. आकाशाला मोठा तुकडा पुरतो, एका चेहऱ्याला कधी कधी अख्खा दिवस जातो. परांचीवर अनेक हात एकाच वेळी चालत, त्यामुळे तुकडे मोजून महिने काढता येत नाहीत.

एका रंगानं मात्र दगा दिला. निळा. तेव्हाचा निळा अझुराइट नावाच्या तांब्याच्या खनिजापासून येई आणि ओल्या चुन्यात तो टिकत नसे. तो गिलावा सुकल्यावर डिंक-सरसासारखं काहीतरी मिसळून वरून लावावा लागे. असा वरून लावलेला रंग शतकांच्या ओलीनं सुटतो. म्हणून कित्येक चित्रांत मरीयेचा निळा झगा झडून गेलाय आणि खालचा आधाराचा थर उघडा पडलाय. आपण पाहतो ते चॅपेल जोत्तोनं सोडलं तेव्हापेक्षा कमी निळं आहे, यावर पाहणाऱ्याचा विश्वास बसत नाही, इतकं ते अजूनही निळं आहे.

मराठी वाचकाला इथं अजिंठा आठवणार. तिथली चित्रं या पद्धतीची नाहीत. ती माती, भुसा नि चुन्याच्या पातळ लेपावर, तो कोरडा झाल्यावर काढलेली आहेत; म्हणजे जोत्तोचा निळा जसा लावला होता, तसा अजिंठ्याचा जवळजवळ प्रत्येक रंग. पण दोन्हींना जोडणारा एक खरा धागा आहे. निजामाच्या सरकारनं १९२० मध्ये अजिंठ्याच्या डागडुजीसाठी लोरेन्झो चेक्कोनी आणि ओर्सिनी या दोन इटालियन तज्ज्ञांना बोलावलं. भित्तिचित्रं वाचवण्याचं ज्ञान इटलीकडे आहे, असा तेव्हाचा भरवसा होता, आणि तो चुकीचा नव्हता. सुटू लागलेला गिलावा त्यांनी पुन्हा भिंतीला बसवला, त्यामुळे बरंच काही वाचलं. पण वर चोपडलेल्या लाखेच्या रोगणानं पुढे पिवळेपणा धरला, आणि ते काढण्यात भारतीय पुरातत्त्व खात्याची पुढची कित्येक दशकं गेली.

स्क्रोवेन्यी घराण्याचं पुढे काय झालं ते थोडक्यात. पादुआच्या राजकारणात एन्रिकोचं पारडं फिरलं. १३२० च्या सुमारास त्याला व्हेनिसला निघून जावं लागलं आणि १३३६ मध्ये तिकडेच तो वारला. मृत्युपत्रात गैरमार्गानं आलेलं धन परत करण्याची तरतूद त्यानं केली होती. अशा तरतुदी त्या काळच्या धनिकांच्या मृत्युपत्रांत नेहमी असत, पण बाप मरून चाळीसएक वर्षं झाली, एवढं चॅपेल उभं राहिलं, तरी खातं मिटलं असं त्याला वाटत नव्हतं, एवढं त्यातून दिसतं. त्याला आणून चॅपेलच्या गाभाऱ्यात, वेदीमागे, पुरलं. वेदीवर जोव्हान्नी पिसानोनं घडवलेली मरीयेची आणि दोन देवदूतांची संगमरवरी मूर्ती आहे.

वास्तू पुढे व्हेनिसच्या सरदार घराण्यांकडे गेली. शेवटचे मालक ग्रादेनिगो. त्यांना देखभाल परवडेना. दर्शनी बाजूचा मंडप १८१७ मध्ये पडला, वाडा १८२७ मध्ये पाडला. उत्तरेची भिंत तेव्हा पहिल्यांदाच उघड्यावर आली, ऊनपाऊस खायला लागली. भिंतीवरची चित्रं काढून विकण्याचे बेतही होत होते. अखेर १८८० च्या सुमारास पादुआच्या नगरपालिकेनं चॅपेल विकत घेतलं.

मोठं संकट त्यानंतर आलं. ११ मार्च १९४४ रोजी दोस्त राष्ट्रांच्या विमानांनी पादुआवर बॉम्ब टाकले. तक्रार करणाऱ्या साधूंचं ते शेजारचं एरेमितानी चर्च उद्ध्वस्त झालं, आणि त्यात आंद्रेया मान्तेन्याची तरुणपणी काढलेली, पंधराव्या शतकातली थोर चित्रं चुरा होऊन पडली. ते तुकडे गोळा करून जुळवायचे प्रयत्न पुढे कित्येक वर्षं चालले. स्क्रोवेन्यी चॅपेल शंभरेक मीटरवर होतं. ते वाचलं.

आजचा शत्रू माणसाचा श्वास आहे. बाष्प, घाम, कपड्यांवरची धूळ, रस्त्यावरच्या गाड्यांचा गंधक असलेला धूर, यांनी चुन्याचं कवच सैल पडून त्याची भुकटी होते. म्हणून आत जाण्याआधी एका काचेच्या खोलीत पंधरा मिनिटं बसवतात, आतली हवा गाळून स्थिर होईपर्यंत. मग पंचवीस जणांचा गट आत सोडतात, तोही पंधराएक मिनिटांसाठी. २००१-०२ मध्ये जुझेप्पे बाझिले यांच्या देखरेखीखाली भिंतींची सफाई आणि दुरुस्ती झाली. २०२१ पासून पादुआतली चौदाव्या शतकातली भित्तिचित्रं युनेस्कोच्या यादीत आहेत, आणि या चॅपेलचा मान त्यांत पहिला.

तिकीट आधी काढून ठेवावं लागतं, ऐनवेळी क्वचितच मिळतं. पंधरा मिनिटांत सगळं पाहायचा हट्ट धरला तर काहीच दिसत नाही, म्हणून एक सुचवतो. आधी सरळ वेदीच्या कमानीसमोर उभे राहा आणि डावीकडचा यहूदा नि उजवीकडच्या दोन गरोदर बायका एका नजरेत घ्या. त्यांच्याखाली रंगवलेल्या दोन रिकाम्या खोल्याही पाहा. त्यांतले लोंबणारे दिवे भिंतीवर आहेत हे डोळ्याला पटत नाही, आणि यथार्थदर्शनाचे नियम ग्रंथात लिहिले जाण्याआधी शंभरहून अधिक वर्षं कोणीतरी ते इथं हातानं साधले होते. मग उत्तरेच्या भिंतीजवळ विलापाच्या चित्रापाशी पाच मिनिटं. खाली वाकून मत्सराची म्हातारी पाहायला विसरू नका, बहुतेक लोक माना वर करून तिच्या अंगावरून पुढे जातात. एन्रिको दाराच्याच भिंतीवर आहे, बाहेर पडताना तो आपोआप समोर येतो.